हुबेहूब आहेर

लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापलेलं दिसलं की काहींचे चेहरे पैसे वाचल्याने खुलतात आणि काहींचे चित्र काढता येतं म्हणून. चित्र म्हणजे काही आहेर नव्हे, अशी या दुसऱ्या मंडळींची सोयीस्कर समजूत असते. शिवाय लेमन सेट माळ्यावर जातो, भिंतीवरचं घड्याळ पुढच्या लग्नात खपवता येतं; स्वतःचंच चित्र जोडपं कोणाच्या गळ्यात मारणार?

मी या दुसऱ्यांतला. भाच्याच्या लग्नासाठी फोटो मागितला, तर ताईने प्री-वेडिंगचा पाठवला. समुद्र, मावळता सूर्य, वाऱ्यावर उडणारा गाऊन आणि फिल्टरने तुकतुकीत केलेले दोन चेहरे. फोटोवरून चित्र काढण्यात कमीपणा नाही. खुद्द राजा रविवर्म्यानेही व्यक्तिचित्रांसाठी फोटोंचा आधार घेतला होता. पण फोटोवाल्यानेच सगळी रंगरंगोटी उरकली असेल, तर ब्रशाने करायचं काय?

मग भाच्याकडून साखरपुड्यातली सेल्फी मिळवली. दोघं खदखदून हसतायत. आता अडचण दातांची. एकेक दात रेखत गेलं की तोंडात मक्याचं कणीस बसतं. म्हणून दातांची एकच फिकट पट्टी ठेवायची, कडेला किंचित सावली द्यायची आणि ट्यूबमधला पांढरा तसाच्या तसा मुळीच लावायचा नाही. नाकाचं दुखणं निराळं. मोबाइल तोंडाजवळ धरला की नाक आहे त्याहून मोठं येतं आणि कान मागे पळतात. तसंच उतरवलं तर दोष मोबाइलचा, बोलणी मात्र चित्रकाराला.

फोटोवर आणि कॅनव्हासवर चौकटी आखायच्या, एका वेळी एकाच चौकटीकडे बघायचं. मधूनच दोन्ही उलटे धरायचे. उलट्या चेहऱ्यात सूनबाई दिसत नाही, नुसते आकार दिसतात. डावा डोळा तसूभर वर चढलाय हे तेव्हा चटकन कळतं. चित्र सुलटं केलं की घरचे जमतात. “अरे, त्याचं टक्कल जरा झाक ना,” ताई म्हणते. “तिचा चष्मा काढला तर?” आणि भावोजींना मागच्या मोकळ्या जागेत कैलासवासी आजोबा हवे असतात. चित्र हुबेहूब व्हावं असं सगळ्यांनाच वाटतं, फक्त आपल्या माणसाचं सोडून.

चष्मा मी ठेवला, टक्कलही ठेवलं. दोघांनी एकमेकांना त्यासकट पसंत केलंय. मध्ये दुरुस्ती करणारा मी कोण? आजोबांना मात्र नम्रपणे वगळलं. हसणाऱ्या जोडप्यामागे ते फार गंभीर दिसले असते.

तुमच्याही मनात असं काही असेल, तर पत्रिकेची वाट पाहू नका. तैलरंग हाताला न लागण्याइतका वाळायलाच कित्येक दिवस घेतो आणि मुहूर्त पाळायची त्याला सवय नाही. सुपारी फुटली की ब्रश हातात घ्या.