निःशब्द कॉम्प्युटर, बोरिवली पश्चिम

झालमन या कोरियन कंपनीचा ‘रिझरेटर’ म्हणजे कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवणारा अ‍ॅल्युमिनियमचा निळा खांब. आत अडीच लिटर पाणी, पंखा एकही नाही. खाली रिक्षा, समोर टॉवरचं ड्रिलिंग, पलीकडे लोकल, अशा बोरिवलीत कॉम्प्युटर तेवढा शांत कशाला हवा, हे विचारायचं नाही. हौसेला मोल नसतं.

पेंटियम ४ च्या शंभरेक वॉटसाठी घेतलेल्या त्या खांबाला आता ४५० वॉटचं आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड जोडायचंय. मे महिन्यात खोलीच ३४ अंशांवर. पाणी त्याहून गार होणार कसं? त्यात खांब अ‍ॅल्युमिनियमचा, कार्डावर बसवायचा नवा वॉटरब्लॉक तांब्याचा. दोघांना एका पाण्यात नांदवलं की अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि नळीत गाळ साचतो. मग लॅमिंग्टन रोडची वारी, तांब्याचा रेडिएटर, मोठा पंप आणि ‘फक्त उन्हाळ्यापुरते’ तीन पंखे. पण पंखे म्हणजे तत्त्वाला तिलांजली! ते काढून खोलीला दीड टनाचा एसी बसवला. कॉम्प्युटर आता खरोखर निःशब्द आहे. एसीचं बाहेरचं धूड शेजाऱ्यांच्या खिडकीशी घरघरतं, पण तो प्रश्न सोसायटीच्या कमिटीचा.