आजोळी आलेला समुद्र

समुद्र आमच्या घरी टेम्पोतून आला. माघ सरत आला होता. कोष्ट्यांच्या आळीतून मागांची खटखट नेहमीच्या लयीत चालू होती, आणि आमच्या दारात चार माणसं तीन फुटी काचेची पेटी, निळी पिंपं, पाण्याने फुगलेल्या पिशव्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले दगड एकेक करून उतरवत होती. मागून लेक उतरली. रुखवत उतरवताना करवली जशी जिवाच्या आकांताने ओरडते तशी ‘हळू, हळू’ म्हणत तिने सगळं ओसरीलगतच्या खोलीत मांडून घेतलं. कंपनीने तिला दोन वर्षांसाठी जर्मनीला धाडलं होतं. नागपुरातला फ्लॅट तिने सोडला, स्कूटर विकली, कुंड्या मैत्रिणींना वाटल्या; हा दोनशे लिटरचा समुद्र मात्र तिला कुणाला देववेना. नातवंडं जशी आजोळी ठेवतात तसा तो आमच्याकडे ठेवून ती विमानात बसली. आमच्या आंधळगावाहून मुंबईचा समुद्र नऊशेएक किलोमीटरवर आहे. एवढ्या लांबून पाहुणा आला, की त्याला ‘किती दिवस राहणार’ असं विचारता येत नाही.

त्या समुद्रात मासे दोनच होते, तेही लाजरे. खरी वस्ती मऊ प्रवाळांची. एक होतं सार्कोफायटन. श्रावणात वारुळावर सात्या उगवतात ना, तसं छत्री उघडून उभं. फक्त छत्रीवर शेकडो इवलीशी फुलं, पाण्याच्या झुळकीवर एका दिशेने झुकणारी. दुसरं झेनिया. ते मुठी उघडायचं, मिटायचं, उघडायचं, मिटायचं, तान्ह्या बाळाने झोपेत करावं तसं. एवढी मेहनत ते कशासाठी करतं, असा प्रश्न मला पडला तसा इस्रायलमधल्या काही संशोधकांनाही पडला होता. २०१३ साली त्यांनी त्याच्याच एका भाऊबंदाविषयी दाखवून दिलं, की या हालचालीने अंगाभोवतीचा साचलेला ऑक्सिजन धुऊन निघतो आणि आत राहणाऱ्या शेवाळाचं अन्न तयार करण्याचं काम जोरात चालतं. हे शेवाळ म्हणजे प्रवाळाचा बटईदार. जागा मालकाची, मेहनत याची, आणि उन्हावर पिकलेल्या साखरेतला मोठा वाटा मालकाचा. पाणी फार तापलं की मालक आणि बटईदार यांचं फाटतं, शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. १९९८ साली लक्षद्वीपला असंच झालं होतं. लेकीकडे दगडी प्रवाळ एकही नव्हतं; ते २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत बसलेले. हे मऊ प्रवाळ तिला कुणाच्या तरी टाकीतल्या फांदीचा तुकडा तोडून मिळाले होते, मोगऱ्याची फांदी मिळावी तसे.

भिंगाखाली धरलं तेव्हा त्या प्रत्येक फुलाला आठ हात दिसले, आणि प्रत्येक हाताला पिसासारखी किनार. रामटेकच्या गणपतीपेक्षा दहा कमी, पण एवढ्याशा जिवाला पुष्कळ झाले. मग ध्यानात आलं, की हिच्या करंगळीशेजारच्या बोटात मंगळासाठी जे तांबडं पोवळं बसवलंय, तेही अशाच एका अष्टभुज जिवाच्या कुळातलं. भूमध्य समुद्राच्या तळाशी कुणीतरी आठ हातांनी पाणी चाळत बसलं होतं, आणि त्याचा सांगाडा आता आमच्या घरी कणीक मळतो. हिला सांगितलं तर तिने अंगठीकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘म्हणजे नातेवाईकच की.’ त्या दिवसापासून ती सकाळी दिवे लावायला स्वतः जाऊ लागली.

पाण्याचं आमच्याकडे कुणाला अप्रूप नाही. भंडारा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी पाळी घातल्या, त्यावर अजून धान पिकतं. त्यामुळे जो येई तो जाणत्याच्या नजरेने टाकी तपासून जाई. काचेच्या कोपऱ्यातून जादा पाणी खालच्या टाकीत पडतं, ते पाहून तलावावर मासे धरणारा एक जुना विद्यार्थी म्हणाला, ‘सर, हा तं सलंग झाला.’ झालाच. तलाव भरला की पाणी जिथून सांडतं तो सलंग. लेकीच्या समुद्राला आमच्या गावात पहिलं ओळखीचं अंग सापडलं.

चैत्र सरत आला आणि सार्कोफायटन मिटलं. लेक जाताना सांगून गेली होती, रात्री दिवे मालवले की ते मिटतं, घाबरू नका. हे भर दुपारी मिटलं होतं. छत्रीवरची फुलं आत ओढलेली, अंग मेणचट, मांडवात रुसून बसलेल्या जावयासारखं तोंड. जावयाचं निदान त्याच्या मावशीकरवी कळतं तरी, की हवी होती मोटारसायकल आणि मिळालं घड्याळ. प्रवाळाला मावशी नसते. ताप बघावा तर अंग पाण्याएवढंच गार, नाडी नाही, जीभ दाखव म्हणायची सोय नाही. दुखणं कसलंही असो, ते एकच गोष्ट करतं. मिटतं.

मग गावाने निदानाला हात घातला. समोरच्या घरी तीन पिढ्यांपासून कोसा विणतात. तिथले आजोबा चष्मा पुसत आले, बराच वेळ काचेला नाक लावून बसले आणि म्हणाले, ‘मास्तर, हा तं कात टाकून राह्यला.’ नुसत्या नजरेने सुताची गाठ ओळखणारा माणूस. सार्कोफायटन खरंच असं करतं. मधूनमधून अंगावर एक मेणचट पापुद्रा आणतं, काही दिवस मिटून राहतं आणि तो झाडून टाकून पुन्हा टवटवीत होतं. आजोबांच्या भरवशावर मी आठवडा काढला. पापुद्रा काही सुटेना. मासेवाला विद्यार्थी म्हणाला, ‘पानी लयच साफ हाय सर, ते खातील काय?’ हेही खोटं नव्हतं. पाणी इतकं निर्मळ ठेवतात की प्रवाळ उपाशी राहतात, असं खरोखरच घडतं. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढायला सांगितलं. हिने ती काढली, फक्त मीठ-मोहऱ्या टाकीवरून ओवाळताना मी मध्ये हात धरला, दाणा आत पडेल म्हणून. पुढे जे निघालं ते पाहता तो हात धरणं फार विनोदी होतं.

खरी वैद्य सातासमुद्रापलीकडे. मी दुपारी फोटो पाठवायचे आणि रात्री तिने त्यावर बोलायचं. याआधी आमचे फोन कसे असत? ‘बाबा, जेवलात?’ ‘हो.’ ‘गोळ्या?’ ‘घेतल्या.’ ‘आईला द्या.’ आता तासतासभर. नायट्रेट किती, फॉस्फेट किती, तापमान सव्वीसच्या वर गेलं का, दिवा खाली सरकला का, पंख्याचा झोत थेट अंगावर येतो का. ‘सार्कोफायटन शेजाऱ्यांवर पाण्यातून विष सोडतं, बाबा, जागेसाठी.’ म्हणजे धुऱ्यावरून भांडण. हे मला लगेच कळलं. त्यावर उपाय पिशवीत बांधलेला कोळसा. घातला. पाण्याची अल्कलिनिटी मोजली, जरा कमी भरली, तर चिमूटचिमूट खायचा सोडा. कोशाची गोटी उकळताना समोरच्या घरी सोडा टाकतात, त्याच्या वासाने माझं बालपण भरलेलं आहे. आता सोडा मी समुद्रालाही औषध म्हणून देत होतो. तांब्याचा अंश गेला का, असं तिने विचारलं तेव्हा मात्र माझं काळीज हललं, कारण प्रवाळाला तांबं म्हणजे जहर, आणि आमच्या घरात तांब्याचा तांब्या ही विभक्ती लागलेली वस्तू जागोजागी ठेवलेली असते. नव्हता गेला. खारटपणा? रोज पाहत होतो. छोट्या प्लास्टिकच्या डबीत पाणी भरलं की आतला काटा तरंगतो आणि आकडा दाखवतो. १.०२५. अगदी पुस्तकातला.

एका संध्याकाळी मी समुद्र कालवत बसलो होतो. वैशाखाची झळ, कूलर चालू, टाकीतून रोज तीनेक लिटर पाणी उडत होतं. लेकीच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: ‘पाणी कमी झालं की भरा.’ खाली दुसरी ओळ: ‘लिटरला ३५ ग्रॅम मीठ.’ मी इमानेइतबारे काट्यावर मीठ तोलून, लाकडी कालथ्याने ढवळून, तीन लिटर समुद्र तयार करत होतो. ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘अहो, वरण आटलं तर आपण पाणी घालतो की मीठ?’

मी ढवळायचा थांबलो. खोलीत फक्त सलंगावरून पाणी पडत होतं.

तीस वर्षं मी सातवीला विज्ञान शिकवलं. बाष्पीभवनाच्या धड्याला बशीत मिठाचं पाणी घेऊन खिडकीत ठेवायचो. दोन दिवसांनी पाणी गेलेलं, बशीत पांढरा थर. ‘काय उडालं?’ पोरं एका सुरात ओरडायची, ‘पाणी!’ ‘काय राहिलं?’ ‘मीठ!’ एका वर्षी एका पोराने तो थर चाटून खात्री करून घेतली होती, त्याला मी शास्त्रज्ञ म्हणायचो. चिठ्ठीतली दुसरी ओळ पंधरवड्याला थोडं पाणी बदलायचं त्यासाठी होती. मी रोज शंभर ग्रॅम मीठ वाढवत गेलो, चौदा दिवस, म्हणजे जवळजवळ दीड किलो. आणि ती डबी? तिच्या काट्यावर क्षारांची खरपुडी चढली होती. जड झालेला काटा खाली बसायचा आणि माझ्या मनासारखा आकडा दाखवायचा. व्हिनेगरात बुडवून धुतला, पुन्हा मोजलं: १.०३१. पुस्तकातल्या समुद्रातून निघून आम्ही तांबड्या समुद्राच्याही पुढे गेलो होतो, ओसरीतून न हलता.

उतरायचं मात्र हळू. गोड पाणी एकदम ओतलं तर मिठाने वाचलेला जीव पाण्याने जायचा. थोडं खारं काढायचं, तेवढंच मिठाशिवायचं घालायचं, दिवसाला १.०३१ वरून १.०३०, मग १.०२९. सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत मी कुणाला काही सांगितलं नाही. कोशाच्या आजोबांना वाटलं कात, काकूंना वाटलं दृष्ट, मासेवाल्याला वाटलं उपास सुटला. प्रत्येकाचं निदान मी तसंच राहू दिलं. सातव्या सकाळी दिवे लागल्यावर ही आतून हाक मारून म्हणाली, ‘या, तुमचा जावई हसला.’ पापुद्रा सुटून पाण्यात तरंगत होता, कोशातून उकललेल्या पहिल्या धाग्यासारखा अर्धपारदर्शक, आणि छत्रीच्या कडेने एकेक फूल आठ हात पसरून बाहेर येत होतं. झेनियाने मुठी मिटायला-उघडायला पुन्हा सुरुवात केली होती. आजोबा पाहून गेले आणि ‘सांगतलो होतो ना’ म्हणाले.

रात्री फोन आला. मिठाचं मी सगळं कबूल केलं. ती इतकी हसली की हिने फोन मागून घेतला. वरणाची गोष्ट हिने दोनदा सांगितली. मग फोन परत माझ्याकडे आला आणि पलीकडे शांतता पसरली, जुन्या फोनांसारखी. गोळ्या घेतल्या का, हे आता ती विचारणार असं मला वाटलं.

‘डावी कड अजून जराशी मिटलेली वाटते,’ मी म्हणालो. ताटात तांदूळ निवडणारे हात थांबले.

‘दाखवा बघू,’ ती म्हणाली. मी उठून फोन काचेजवळ धरला. साडेदहा वाजले होते. दिवे मालवून तास झाला होता.

‘हो की,’ ती म्हणाली. ‘मिटलंय खरं. उद्या पुन्हा बघू हं, बाबा.’