रूटकाका

ऐन मे महिन्यात ऑफिसात स्वेटर घालून बसलेला गृहस्थ दिसला, की तो सर्व्हर रूमवाला समजावा. पोरं तोंडावर 'सर' म्हणतात, पाठीमागे 'रूटकाका'.

काकांचा जीव अडकलाय क्रॉनमध्ये. रात्री दोनला बॅकअप, पहाटे जुन्या लॉगची विल्हेवाट, अशी कामं ठरल्या वेळी उरकणारा हा युनिक्सचा १९७०च्या दशकापासूनचा इमानी गडी. पण भोळा. त्यातली बरीच कामं तो रूटच्या अधिकारात करतो, आणि स्क्रिप्टमध्ये मधल्या काळात कुणी काय घुसवलं, ते वाचून बघत नाही. संशय घ्यायचं खातं काकांकडे.

म्हणून क्रॉन डॉट डेली, वीकली, डी वगैरे सगळ्या डिरेक्टरींची मालकी रूटकडे आणि परमिशन ७००. मालकाला वाचणं ४, लिहिणं २, आत शिरणं १. ग्रुपला शून्य, इतरांना शून्य. 'इतरां'मध्ये एमडीसुद्धा येतात, हे काका विशेष चवीने सांगतात. स्वतःचा क्रॉनटॅब हवा असेल तर क्रॉन डॉट अलाउ फाईलमध्ये नाव लागतं. सोसायटीत पार्किंग त्यामानाने लवकर मिळतं.

एकदा नव्या पोराने सहज सांगितलं, "सर, परमिशन डिनाइड येत होतं. डिरेक्टरीला सेव्हन सेव्हन सेव्हन मारलं, मिटलं." (त्याला सुडो कुणी दिला, याची चौकशी अजून चालू आहे.) काकांनी चहाचा कप खाली ठेवला. कीबोर्डवर.

"पण सर, आतली स्क्रिप्ट रूटचीच आहे. तिला कुणी हात लावू शकत नाही."

"हात कशाला लावेल? डिरेक्टरी उघडी आहे ना! तुझी फाईल उडवायची, त्याच नावाची आपली ठेवायची. मालक वगैरे न बघता क्रॉन ती रात्री रूट म्हणून चालवणार, आणि सकाळी तू विचारणार, सर, असं कसं झालं?"

पोरगं वरमलं. पुढच्या वेळी रीतसर अर्ज घेऊन आलं: 'बॅकअप डॉट एसएच' ही फाईल क्रॉन डॉट डेलीत ठेवावी, ही विनंती. काकांनी चष्मा वर सरकवून मालकी बघितली, परमिशन बघितली, ओळ न् ओळ वाचली, आणि अर्ज परत केला.

"नावातलं टिंब काढ. आपलं डेबियन आहे."

"टिंबाने काय होतं, सर?"

"काही होत नाही. बॅकअपसुद्धा."