पट्टी लाल, वॉरंटी बाद

मोबाइलच्या पोटात, बहुधा सिमच्या खाचेत, एक इवलीशी पांढरी पट्टी असते. पाणी लागलं की ती लाल होते. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा टॉर्च मारून आधी तीच बघतो. तुमची तक्रार नंतर, ऐकलीच तर. बटण अडकतंय? पट्टी लाल आहे, काका. पट्टी पांढरी निघाली तर कोपऱ्यावरचा पोचा सापडतो. बॅटरी फुगली ती त्या पोच्यामुळेच, हे निदान उभ्या उभ्या होतं. डॉक्टरसुद्धा निदान नाडी बघतात!

जाहिरातीत हाच फोन तलावात सूर मारतो. ‘आयपी ६८’ हा पाणी रोखण्याचा दर्जा म्हणे. त्याची चाचणी प्रयोगशाळेतल्या स्थिर, गोड्या पाण्यातली. चिपळूणचा जुलै तिथे कुणी नेला नव्हता. आणि वॉरंटीच्या बारीक अक्षरांत पाण्याने झालेलं नुकसान बहुधा वगळलेलंच असतं. सूर मारायचा तो जाहिरातीतल्या नटाने.

तेव्हा फोन जमा करण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, जॉबशीटवर ओरखडे नोंदवून घ्या आणि नकार लेखी मागा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही.