खिडक्या सताड, पारा उणे!

अहो, तुमच्या कानावर आलं का? जर्मनीत राहायला गेलेल्या अमेरिकन मंडळींचं काही खरं नाही. चांगली खात्यापित्या घरची माणसं, बारा महिने एका तापमानात वाढलेली. आणि आता म्हणे बाहेर उणे 4 असताना सकाळी उठून घरातली खिडकीन् खिडकी सताड उघडतात! बरं, उघडतात तर उघडतात, वर त्याचे व्हिडिओ काढून गावभर करतात. अंगात पफर जॅकेट, हातात कॉफीचा मग, पाठीमागे पडदे फडफडतायत आणि चेहऱ्यावर काशीला जाऊन आल्यासारखं समाधान. या प्रकाराला तिकडे 'लुफ्टेन' म्हणतात. आपण याला काय म्हणायचं, ते घरात लहान मुलं असतील तर बोलू नये.

हे एका दिवसात होत नाही बरं का. माणूस हळूहळू बिघडतो. उन्हाळ्यात आलेला अमेरिकन आधी खूश असतो. सप्टेंबरात त्याला पहिली शंका येते, कारण लोक अजून अर्ध्या बाह्यांत फिरत असतात आणि सुपरमार्केटात नाताळची लेबकुखेन बिस्किटं रचून ठेवलेली दिसतात. मग ऑफिसात जो तो विचारू लागतो, 'टायर बदललेस का?' हिवाळी टायर ऑक्टोबर ते ईस्टर, हा तिथला लोकमान्य हिशोब. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. डिसेंबरात तर बर्लिनला चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे दुपारच्या कॉफीलाच दिवेलागण. नाताळच्या बाजारात भर रस्त्यात, पोलिसांच्या डोळ्यांदेखत, लोक गरम मसालेदार वाइन पीत उभे असतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हे केलं तर दंड भरावा लागेल. जर्मनीत मगाची अनामत तेवढी भरावी लागते. त्याला अमेरिकनाची फार हरकत नसते. सौनात अंगावर चिंधी न ठेवता बसलेल्या अनोळखी स्त्री-पुरुषांनाही तो एकदा डोळे मिटून सहन करतो. जोडप्याच्या पलंगावर दोन वेगळी पांघरुणं दिसली तर संसार मोडलाय की काय अशी चौकशी करतो, आणि आठवडाभरात स्वतःही दुसरं पांघरूण आणतो.

मग एक दिवस घरमालकीण येते.

ती बूट काढते, नमस्कार-चमत्कार होतात, आणि मग ती नाक किंचित वर करून हवा हुंगते. काही बोलत नाही. सरळ जाऊन रेडिएटरचा व्हॉल्व्ह बंद करते, खिडकीची मूठ आडवी फिरवते आणि अख्खी खिडकी दारासारखी आत उघडते. मग समोरच्या खोलीतली. मग स्वयंपाकघरातली. पाच मिनिटं दोघं कुडकुडत उभे! पैसे मोजून तापवलेली हवा डोळ्यांदेखत रस्त्यावर चाललीय, आणि बाई घड्याळाकडे बघतायत. अमेरिकनाला वाटतं, ही आता आपल्याला हाकलणार. हाकलत नाही, भाडेकराराचं पान काढून दाखवते. खोल्या हवेशीर ठेवणं हे भाडेकरूचं काम, असं तिथे छापलेलं असतं. सही त्याचीच असते.

तो बिचारा बचाव करतो, 'पण मी दिवसभर खिडकी थोडी उघडी ठेवतो की!' इथे बाईंचा चेहरा बघण्यासारखा होतो. जर्मन खिडकीची मूठ वर केली की ती वरच्या बाजूने तिरकी कलते, आणि परदेशी माणूस या करामतीवर भाळतो. हिवाळ्यात ती तशी तासन्तास कलती ठेवणं हे तिथलं महापाप! हवा धड बदलत नाही, उलट खिडकीभोवतीची भिंत गार पडते, तिच्यावर दव धरतं आणि कोपऱ्यात काळी बुरशी येते. म्हणजे खिडकी उघडणं पुण्य, अर्धवट उघडणं पाप. व्यभिचारालासुद्धा इतके बारीक नियम नसतील.

आता वेडेपणा म्हणावा, तर त्यामागे हिशोब निघतो, हीच तर चीड आणणारी गोष्ट. चौघांचं कुटुंब श्वास, आंघोळ, स्वयंपाक आणि वाळत घातलेले कपडे मिळून रोज 10 लिटरच्या आसपास पाणी घरातल्या हवेत सोडतं. जर्मन घरं विटा-काँक्रीटची, खिडक्या दुहेरी-तिहेरी काचांच्या आणि घट्ट. ती वाफ जाणार कुठे? बाहेरची थंड हवा कोरडी असते. पाच मिनिटांत ओली हवा जाते, कोरडी येते, आणि भिंती व सामान तापलेलंच राहतं. तापलेला तवा एक पोळी उतरवली म्हणून गार होत नाही, तसंच. अमेरिकेत अनेक घरांत भट्टीची गरम हवा नळ्यांमधून खोल्याखोल्यांत फिरते, त्यामुळे खिडकी हे फक्त बाहेर बघायचं साधन. जर्मनीत मात्र रेडिएटर खोली तापवतो आणि हवा बदलायचं खातं माणसाकडे.

आणि खातं जुनं आहे. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने 1858 साली खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड किती चालेल याची मर्यादा सांगितली होती, हजारात एक भाग. त्यापुढे हवा कुबट धरायची. म्हणजे घरमालकिणीच्या नाकामागे दीडशेहून अधिक वर्षांचं विज्ञान उभं आहे. नाकाला आणखी काय हवं?

प्रकरण कोर्टातही गेलंय हं! भिंतीला बुरशी आली की घरमालक म्हणतो, 'तुम्ही खिडक्या उघडत नाही'. भाडेकरू म्हणतो, 'तुमची भिंतच भिकार'. डिसेंबर 2018 मध्ये तर हा तंटा कार्ल्सरूहच्या संघीय न्यायालयापर्यंत पोचला. न्यायाधीशांनी सांगितलं, की जुनी इमारत तिच्या काळच्या बांधकाम नियमांप्रमाणे असेल, तर नुसती बुरशी येण्याची शक्यता आहे म्हणून भाडं कापता येणार नाही. लाल झगे घालून विद्वान माणसं खिडकी दिवसातून किती वेळा उघडायची याचा खल करतात, आणि देशात कुणाला हसू येत नाही. 2020 च्या शरद ऋतूत करोनाची लाट चढू लागली, तेव्हा खुद्द चान्सेलर आंगेला मेर्केल यांनी खिडक्या उघडणं हा सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक उपायांपैकी एक असल्याचं सांगितलं. त्या हिवाळ्यात शाळेत दर वीस मिनिटांनी खिडक्या उघडत, आणि पोरं जॅकेट घालून, पांघरूण घेऊन गणितं सोडवत.

एवढं सगळं करणाऱ्या या लोकांना भीती कशाची वाटते सांगू? वाऱ्याच्या झुळकीची! खरंच सांगते. सकाळी उणे तापमानात घर उघडं टाकणारी बाई संध्याकाळी ट्राममध्ये कुणी बोटभर खिडकी सरकवली, की मान धरून ओरडते, 'वारं लागतंय!' मान आखडणं, कान दुखणं, सर्दी, सगळ्याचं खापर त्या झुळकीवर. या बाबतीत तिथली आजी आणि कानाला मफलर बांधायला लावणारी आपली आजी या सख्ख्या बहिणी शोभतील. फक्त आपल्या आजीने थंडीत खिडक्या लावून घेतल्या असत्या.

स्टुटगार्ट-म्युनिककडच्या मराठी घरांना विचारून बघा. खिडक्या उघड्या ठेवायची सवय त्यांना जन्मजात. नवीन काय ती वर्षातून एकदा येणाऱ्या हीटिंगच्या हिशोबाची धास्ती. लाल मिरचीची फोडणी पडली, की मात्र तेसुद्धा धावत जाऊन मूठ आडवी करतात. कारण वास जिन्यात गेला तर शेजारी दार वाजवणार, आणि तेही हसतमुखाने नव्हे.

पण खरी खमंग बातमी पुढेच आहे. जानेवारी उजाडेपर्यंत आपला अमेरिकन बाटतो! आधी घरमालकिणीच्या भीतीने उघडणारा, मग स्वतःच्या नाकाने उघडू लागतो. मग पाहुण्यांना शिकवू लागतो. घरात हवेतली आर्द्रता दाखवणारं यंत्र येतं. सुट्टीत ओहायोला आईकडे गेला, की पहाटे उठून सगळ्या खिडक्या उघडतो. खाली तळघरात भट्टी घरघरतेय, आई गाउन आवळत विचारतेय, 'काय जळलं?' आणि हा तिला ताज्या हवेवर प्रवचन देतोय. नव्याने बाटलेला अधिक कडवा, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

आणि आता अमेरिकेतच फॅशन निघालीय. 'हाउस बर्पिंग'! घराला ढेकर काढायला लावायची! दुधावरच्या बाळाला खांद्यावर घेतात तसं चार खोल्यांचं घर खांद्यावर घेतल्याच्या थाटात लोक खिडक्या उघडतात आणि मनःशांती मिळाल्याचं जाहीर करतात. जर्मनीत हे ऐकून लोक बुचकळ्यात पडले. दात घासण्याची कुणी फॅशन काढावी, आणि आपण जन्मभर नुसतेच दात घासत बसलो हे कळावं, तशी गत.

माझं विचाराल तर ही फॅशन टिकायची नाही. जर्मनीत खिडकी कुणी मनःशांतीसाठी उघडत नाही. करार आहे, कोपऱ्यातली बुरशी आहे, आणि समोरच्या इमारतीतून कुणाची काच किती वाफाळलीय हे मोजणारी शेजारीण आहे. अमेरिकेने सवय नेली. करार, बुरशी आणि शेजारीण जर्मनीतच ठेवली. फेब्रुवारीचं गॅसचं बिल आलं, की अमेरिकेतल्या खिडक्या एकेक करून मिटतील, आणि मंडळी दुसरं काही शोधतील. स्टुटगार्टच्या बाजूला इमारतीचा जिना आळीपाळीने झाडायची पद्धत आहे, दारावर पाटी लटकली की पाळी तुमची. तिला अजून कुणी मनःशांती म्हटलेलं नाही. म्हटलं, की आपण पुन्हा बसूच बोलायला!