खुर्चीतून उठावे कसे? नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

साहित्य : खुर्ची एक, माणूस एक. खुर्ची साधी, बिनहातांची घ्यावी. सत्तेची नको; तिच्यातून उठवणारा स्नायू शरीरशास्त्राला अजून सापडलेला नाही. सोफाही सध्या टाळावा. त्यात रुतलेल्या पाहुण्यांना बाहेर काढणे हा पुढच्या इयत्तेचा विषय आहे.

आधी एक नियम पाठ करा. स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. तुम्ही दार ढकलता तेव्हाही दंडामागचा ट्रायसेप्स कोपराचे हाड ओढूनच हात सरळ करत असतो. म्हणून सांधा वाकवायला एक आणि सरळ करायला दुसरा, अशी नेमणूक असते. शरीरात हाडे हलवणारे सहाशेहून अधिक स्नायू आहेत. घाबरू नका, सगळ्यांची ओळख करून देणार नाही.

कृती : पाय मागे घ्या. मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग गुडघे वाकवतील आणि टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे येतील. ही पायरी गाळायची हौस असेल तर पाय पुढे पसरा, पाठ खुर्चीला टेकवा आणि हात न लावता तसेच ताठ उठून दाखवा. नाही ना जमले? ताकद कमी पडली असे नाही. शरीराचा गुरुत्वमध्य पावलांवर आला नाही, एवढेच. ताठ कण्याची माणसेसुद्धा उठताना आधी वाकतात.

तेव्हा वाका. कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत गेलेला सोअस धड पुढे आणायला मदत करतो, कण्यालगतचे स्नायू तुम्हाला तोंडावर पडू देत नाहीत. या टप्प्यावर ‘आई गं’ म्हणण्याचा प्रघात आहे, सक्ती नाही.

आता बूड उचला. मांडीपुढचा चार भागांचा क्वाड्रिसेप्स गुडघ्याची वाटी वर ओढून गुडघा सरळ करतो. इतका वेळ सुट्टीवर असलेला ग्लुटियस मॅक्सिमस, म्हणजे ढुंगणाचा आणि देहातलाही सर्वांत मोठा स्नायू, खुबा सरळ करतो.

चौकस विद्यार्थ्याने इथे मांडीखाली हात घालून पाहावे. हॅमस्ट्रिंगही घट्ट झालेले लागतील. पण ते तर गुडघा वाकवणारे! गुडघा सरळ करायच्या वेळी त्यांचे इथे काय काम? १९०३ मध्ये वॉरन लोम्बार्ड या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने हाच पेच मांडला. उलगडा असा की हॅमस्ट्रिंग खुबा आणि गुडघा असे दोन्ही सांधे ओलांडतात. क्वाड्रिसेप्सचा एक भागही तसाच. हॅमस्ट्रिंगची तरफ खुब्याशी लांब आहे, गुडघ्याशी आखूड. क्वाड्रिसेप्सच्या त्या भागाचे नेमके उलट. त्यामुळे खुब्यावर हॅमस्ट्रिंगचे चालते, गुडघ्यावर क्वाड्रिसेप्सचे, आणि दोघे एकमेकांविरुद्ध ओढत असताना तुम्ही उभे राहता. सरकारी कामेही बहुधा याच पद्धतीने होत असावीत, पण तिथली तरफ कुणी मोजलेली नाही.

हे ओढणे आत कसे चालते, याचे उत्तर १९५४ मध्ये मिळाले. अँड्र्यू हक्सली आणि ह्यू हक्सली (एकमेकांचे कुणी नव्हेत) यांनी आपापल्या सहकाऱ्यांसह एकाच वेळी दाखवले की स्नायूतले तंतू स्वतः आखडत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. रस्सीखेचीतल्या गड्यांसारखी मायोसिनची टोके ॲक्टिनचा दोर पकडतात, खेचतात, सोडतात, पुन्हा पकडतात. गंमत म्हणजे पकड सोडायला एटीपी हे इंधन लागते. ते संपले की पकड सुटतच नाही. मेल्यावर देह ताठतो तो यामुळेच.

उठून झाले? पोटऱ्यांमधला सोलियस पुढे कलंडू देणार नाही. आता बसा. नवशिक्यांना वाटते, बसायला काही लागत नाही. धप्पकन बसलात तर नाहीच लागत. हळू बसायचे तर तोच क्वाड्रिसेप्स ताण धरून लांबत जातो, आणि हे लांबत जाणे त्याला सवय नसेल तर फार सोसत नाही. सिंहगड चढताना फुललेला श्वास वरच विसरला जातो. दुसऱ्या दिवशी संडासात बसवत नाही ते उतरल्यामुळे.

शेवटी परीक्षा. ही थट्टा नव्हे, ज्येष्ठांच्या पायांतली ताकद जोखायला ती खरोखर घेतात. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर दुमडा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता ते मोजा. वय ६० ते ६४ असेल, तर पुरुषांचे १४ पेक्षा आणि स्त्रियांचे १२ पेक्षा कमी भरल्यास ते सरासरीच्या खाली धरतात. हाताचा आधार घेतला तर गुण शून्य.