काल यायला हवं होतं

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेवर लेक ऑफ द वूड्स नावाचं अफाट तळं आहे. जुलैत तिथे वॉलआय मासा धरायला गेलेल्याला मासा भेटेल न भेटेल, रिसॉर्टचा मालक मात्र हमखास भेटतो. टोपीत दोन गळ खोचलेले, मान उन्हाने रापलेली. ‘मासे नाहीत’ हे शब्द त्याच्या तोंडून बायकोनेही कधी ऐकलेले नसतात.

सकाळी तो धक्क्यावरच्या फळ्यावर खडूने लिहितो : ‘वॉलआय लागतोय. 28 फूट. सोनेरी पातं, गांडूळ.’ पाहुणे दिवसभर 28 फूट खोल पाण्यात गळाला लावलेलं सोनेरी पातं आणि गांडूळ सोडून बसतात आणि नाकाचे शेंडे भाजून परत येतात.

“काल यायला हवं होतं. आज मेफ्लाय निघाल्यात ना!”

पंचाईत अशी, की मालकाची सबब खोटी नसते. मेफ्लाय नावाच्या किड्यांची पिल्लं तळाच्या चिखलात दिवस काढतात आणि उन्हाळ्यात एकदम थव्याने वर येतात. लेक ईरीवरचे त्यांचे थवे तर हवामानाच्या रडारवर दिसतात. असं फुकटचं जेवण वाढलेलं असताना वॉलआय गांडुळाकडे कशाला बघेल? दुसऱ्या दिवशी ऊन आडवं येतं. वॉलआयच्या डोळ्यात मांजरासारखा चकाकता पडदा असतो. त्याला अंधुक उजेडात छान दिसतं, भर दुपार सोसत नाही. तिसऱ्या दिवशी वाराच नाही, पाणी आरशासारखं, उजेड थेट खाली. चौथ्या दिवशी वारा येतो, पण इतका की होड्या धक्क्यावरून हलत नाहीत.

एवढं करून मासा लागलाच, तर तो नेमका 20 इंची. इथे 19.5 ते 28 इंचांमधला वॉलआय कायद्याने परत सोडावा लागतो. फोटो पाहुण्याला, मासा तळ्याला. मालक खूश! तोच मासा पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पाहुण्याला लावता येतो.

फारच कुरकुरणाऱ्याला तो मस्कीच्या मागे धाडतो. हा मासा दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एकदा लागतो, अशी ख्याती. बिचारा खांदा दुखेपर्यंत तीनेकशे वेळा फेकतो आणि उरलेल्या फेकींसाठी पुढच्या वर्षीची खोली राखून ठेवतो. रिकाम्या हाती घरी जाणं जिवावर आलं, तर जवळच्या बॉडेट गावात 40 फुटी वॉलआय आहेच. पुतळा आहे, 1959 सालचा; जागचा हलत नाही.

जुलैत इथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. पाहुणे जेवणाच्या टेबलावर असताना मालक जळवांचा डबा घेऊन गुपचूप होडीत बसतो. लांब जात नाही. हाकेच्या अंतरावरच्या खडकांपाशी नांगर टाकतो. तासाभराने धक्क्यावरच्या दिव्याखाली चार वॉलआय साफ करताना तो सापडतो. गळाच्या दोऱ्याचा ओला भाग जेमतेम आठ फूट.

“कुठे लागले?” कोणीतरी विचारतं.

“खोलात,” तो म्हणतो आणि खडू शोधायला लागतो.